पत्रकातला अकीक

आमचं तळं बुजवून तिथे कंटेनर ठेवायचे, असा ठराव रविवारच्या ग्रामसभेत येणार होता. त्याविरुद्ध मी पत्रक लिहिलं आणि जोशात एक वाक्य घातलं, 'आपल्या तळ्यात अकीक सापडतो.' काळ्या खडकाच्या पोकळ्यांत हा रंगीत दगड तयार होतो, एवढंच मी वाचलं होतं. वडिलांचं आयुष्य पत्रकं छापण्यात गेलं. आमच्याकडे ताटाखालीही जुनं पत्रकच असायचं. माझं पत्रक वाचून ते एवढंच म्हणाले, "दाखव."

पण पत्रकं गावभर वाटून झाली होती.

शनिवारी सकाळी पिठाची चाळण घेऊन मी चिखलात उतरले. तासाभरात डबा भरला. तांबडे, दुधी, मधाच्या रंगाचे खडे! काठावर शेजारच्या काकी कपडे धूत होत्या.

"बाय, जरा सुकू दे त्यांना."

सुकल्यावर सगळे सारखेच मातकट. एकच लालभडक खडा चमकत राहिला. मी ओरडलेच.

"अगं, तो गणपतीच्या मुकुटातला हाय. इथंच बुडवतो ना आपण?"

खड्याच्या पाठीला डिंक होता.

काकींना माझी दया आली असावी. घरी जाऊन त्या एक गोटा घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाई त्याने सारवलेली जमीन घोटायच्या. लाद्या बसल्यापासून तो दाराला टेकू म्हणून लावलेला असे. उन्हात धरला तर कडेतून नारिंगी उजेड आला. हा अकीकच असणार.

"तळ्यातलाच ना?"

"काय ठावं? सासूच्या माहेरचा पन असंल. तू तळ्यातला म्हन, कोन विचारतंय?"

"खोटं कसं बोलू?"

"नको बोलू. पन दगड न्हाय गावला तं तळं बुजवायचं, व्हय?"

मी गोटा पिशवीत टाकला.

सभेत सरपंचांनी माझं वाक्य मोठ्याने वाचलं. "दाखवा अकीक."

गोटा पिशवीत होता. हात आत गेला आणि तसाच राहिला. "सापडला नाही," मी म्हणाले. "ते वाक्य मी न बघता लिहिलं. बाकीचं खरं आहे."

लोक हसले. मग बायकांच्या बाजूने काकींनी विचारलं, कपडे कुठे धुवायचे? गणपती कुठे न्यायचा? गलका झाला आणि ठराव पुढच्या सभेवर गेला. माझ्या कबुलीमुळे, काकींमुळे, की जेवायची वेळ झाली म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

घरी जाताना काकींनी गोटा परत मागितला. दार आपटत होतं म्हणे.