दाराशी बाबा नकोत

आमच्या इमारतीत सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे की लक्ष-द्या काकांनी पोटच्या पोराला बस डेपोच्या लाउडस्पीकरवरून घराबाहेर काढलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर नाक दाबून साभिनय सांगतात, "कृपया लक्ष द्या. फलाट दोनवर उभा असलेला मुलगा आजपासून आमचा नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

नक्कल बरी आहे, माझी याहून बरी होते; बातमी मात्र खोटी आहे.

काका डेपोत घोषणा करतात, एवढं खरं. त्या दिवशी त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, त्यांच्या काचेच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "बाबा, मी कॉलेज केव्हाच सोडलंय. गॅरेजमध्ये काम करतो." काका नुकतेच एक घोषणा करून टेकले होते. माइकचं बटण बंद करायचं राहिलं होतं. मग ते जे बोलले ते कुठलाही बाप चिडल्यावर बोलतो तेच. लाज कशी वाटत नाही, तोंड दाखवू नकोस, माझं नाव लावू नकोस. फक्त ते सगळ्या फलाटांनी ऐकलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दादा त्या टाळ्यांमधून चालत बाहेर पडला. पुढे त्याने लग्न केलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड केलं, पण वडिलांशी बोलला नाही.

दादा म्हणतो, बाबांनी बटण मुद्दाम चालू ठेवलं. काका म्हणतात, नाही. फारच खोदून विचारलं तर म्हणतात, "नसावं."

त्यानंतर काकूंनीच त्यांना ढकलून रिट्रीटला पाठवलं. आमच्या चर्चमध्ये श्रद्धेच्या नूतनीकरणाची एक चळवळ आहे, रिट्रीट तीच भरवते. फादर फक्त मिस्सेच्या उपासनेपुरते, बाकी कारभार आपल्यासारख्यांच्याच हातात. प्रमुख आहेत दातांचे डॉक्टर. ते प्रार्थनेलाही "जरासं दुखेल हं" अशाच आवाजात सुरुवात करतात. शुक्रवारी संध्याकाळी माणसं एका जुन्या वसतिगृहात जातात, मोबाइल काढून देतात, आणि रविवारपर्यंत ऐकतात, बोलतात, गप्प बसतात, रडतात. शेवटी सभागृहाचं दार उघडतं आणि बाहेर घरचे सगळे गात उभे असतात. हे गुपित आहे. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

काका तिथून आले ते आवाज खाली करून. घरात भांडी पडली तरी ओरडेनात. आणि त्यांनी एक काम मागून घेतलं: रविवारी दाराशी यायला घरच्यांना फोन करायचे. सुरुवातीला घोटाळेच झाले. डेपोच्या आवाजात ते म्हणायचे, "नमस्कार. आपले पती आमच्याकडे आहेत." एका बाईंनी लगेच विचारलं, "किती मागताय?" पण काका चिकट. रुसलेल्या सासवा, अबोला धरलेले भाऊ, सगळ्यांना त्यांनी त्या दारापर्यंत आणलं. नाही कसं म्हणायचं तेच लोकांना सुचायचं नाही.

मागच्या महिन्यात दादाच्या बायकोने दादाला रिट्रीटला धाडलं. शुक्रवारी मोबाइल देताना तो डॉक्टरांना म्हणाला, "रविवारी दाराशी बाबा नकोत. त्यांना सांगा."

डॉक्टर घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "जरा दुखेल."

काकांनी ऐकून घेतलं आणि फोन हातात घेतला. दादाच्या गॅरेजचे मालक, त्याचे सासरे, सगळ्यांना बोलावलं. सूनबाईला म्हणाले, "चर्चमधून बोलतोय."

"बाबा, मी आवाज ओळखते," ती म्हणाली. "तुम्ही येणार ना?"

"तुम्ही वेळेवर पोचा," काका म्हणाले.

शनिवारी मी गेले तर काका पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते.

"कुठे स्वारी?"

"ड्युटी. उद्या मागून घेतली."

"डेपोत तुम्हाला कोण बघतं? नुसता आवाज तर असतो. लावता पैज? उद्या तुम्ही दाराशी असणार. सगळ्यात मागे, खांबाआड."

"नसणार."

"मी हरले तर?"

काकू आतून म्हणाल्या, "तर हिने महिनाभर तुमचा आवाज काढायचा नाही. घरात एक आहे तेवढा पुरे."

रविवारी मी काकूंबरोबर गेले. दार उघडलं, गाणं सुरू झालं, डॉक्टर आमच्यात सगळ्यात बेसूर. दादा रडतच बाहेर आला. बायकोला भेटला, आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग त्याने मान वर करून आमच्या डोक्यांवरून मागे बघितलं. मीही वळून बघितलं. खांबामागे कोणी नव्हतं.

"आले नाहीत?" त्याने विचारलं.

"तूच नको म्हणालास ना," काकू म्हणाल्या.

"हो. मीच म्हणालो."

संध्याकाळी काका ड्युटीवरून आले तेव्हा मी जिन्यातच बसले होते. काकू सांगणार नाहीत याची मला खात्री होती, म्हणून दादाने दाराशी काय विचारलं ते मीच सांगून टाकलं. काका दोन पायऱ्या खाली माझ्याकडे पाठ करून बसले.

"नेमका कसा म्हणाला? त्याच्यासारखं म्हणून दाखव."

दादाचा आवाज मला छान जमतो. थोडा घशातला, शेवटचं अक्षर गिळणारा. मी म्हटलं, "आले नाहीत?"

"परत."

मी परत म्हटलं.

"यात 'बरं झालं' आहे, की 'यायला हवं होतं' आहे?" काकांनी विचारलं. "तुझा कान तिखट आहे. तुला कळलं असेल."

मी ते मनात हळू म्हणून बघितलं, भरभर म्हणून बघितलं. दोन्ही अर्थांनी ते तंतोतंत तसंच येत होतं.

"नाही कळलं, काका."

त्यांनी मान हलवली. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"पैज मात्र हरलीस तू."

"हरले," मी म्हटलं, माझ्याच आवाजात.