टोपणाखालचा नंबर

बारकू मेस्त्रीकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने नाव-गाव काही विचारलं नाही. हात पुढे केला आणि म्हणाला, "चावी." मी ट्रॅक्टरची चावी त्याच्या हातावर ठेवली. ती त्याने शर्टाच्या आत, बनियनला शिवून घेतलेल्या खिशात टाकली आणि वरून शर्टाचं बटण लावलं. मग विचारलं, "दुसरी कोनाकडं हाय?"

"घरी आहे."

"घरी म्हंजे घरीच ना? ह्याच्या खिशात नाय ना?"

माझा धाकटा भाऊ सुरेश शेजारी उभा होता. त्याने चिडून दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. तेव्हा कुठे मेस्त्री ट्रॅक्टरकडे वळला.

सापगाव ओलांडून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्याची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. मेस्त्री साठीच्या आसपासचा, अंगाने काटकुळा, भुवया मात्र दाट. समोरचा बोलत असताना तो त्याच्या तोंडाकडे बघत नसे, हातांकडे बघत असे. मला ते मुळीच आवडलं नाही. मी वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आलेला माल, गेलेला माल, प्रत्येकाचा नंबर लिहून ठेवणं हे माझं रोजचं काम. इतका संशय घेणाऱ्या माणसाकडे स्वतःचंच काहीतरी लपवण्यासारखं असतं, असं माझं तोवरचं मत होतं.

आमचा ट्रॅक्टर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. शेणव्याच्या बाजूला आमची भातशेती आहे, ती सुरेश बघतो. चावी फिरवली की नुसता 'टक' आवाज यायचा, इंजिन फिरायचं नाही. धक्का मारून चालू करायचा आणि दिवसभर बंद करायचा नाही, असं चाललं होतं. मेस्त्री वाकून बघत होता तो सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. तिच्या पाठीवर मुठीएवढं नळकांडं असतं, त्याला सोलेनॉइड म्हणतात. चावी फिरवली की ते आतून ओढतं, सेल्फचं दातेरी चाक इंजिनाला भिडवतं आणि बॅटरीचा मोठा करंट मोटरला सोडतं. त्याच्या मागे दोन जाड बोल्ट असतात आणि चावीकडून आलेली एक बारीक वायर.

त्या बोल्टांवर मेस्त्रीने बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"पाना लावून चालू करता काय?"

"नाय हो," सुरेश म्हणाला.

"मग ह्ये काय देवीचे व्रण हायेत?"

सुरेश हसला. मेस्त्री हसला नाही.

आमच्याकडे ही सवय घरोघर आहे. चावी दगा देऊ लागली की ट्रॅक्टरच्या बाजूला, मागच्या मोठ्या चाकापुढे उभं राहायचं, जाड बोल्ट आणि बारीक वायरीचं टोक यांच्यावर आडवा पाना किंवा स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, ठिणगी उडते आणि इंजिन चालू. सीटवर चढायची गरज नाही. ज्याला हे जमतं तो ट्रॅक्टरवाला, आणि चावी फक्त आमच्यासारख्या नोकरदारांना, असं सुरेशचं म्हणणं. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर काय, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मेस्त्रीने विचारलं. सुरेश म्हणाला, "मी न्यूट्रल केल्याबिगर उतरतच नाय."

"तुमी सांगितलेलं न्यूट्रल येगळं, मी हलवून बघितलेलं न्यूट्रल येगळं," मेस्त्री म्हणाला आणि चढून त्याने स्वतः गिअरची दांडी दोन्ही बाजूंना हलवून पाहिली.

शहापूरहून नवं सोलेनॉइड मी स्वतः आणलं. त्याच्या अंगावर कोरलेला नंबर वहीत उतरवून घेतला. मेस्त्रीने ते पाहिलं. "लिवा, लिवा. मी रातोरात बदलीन," असं म्हणाला. चेष्टा की खरं, ते मला कळलं नाही.

काम मात्र मी शेवटपर्यंत उभा राहून पाहिलं. आधी त्याने बॅटरीची मायनसची केबल काढली आणि परत चिकटू नये म्हणून तिच्या टोकाला चिंधी बांधली. सेल्फ उतरवून लाकडी बाकावरच्या शिकंज्यात धरला. सोलेनॉइडचा दांडा आतल्या काट्यात अडकवून स्क्रू आवळले. बॅटरी जोडण्याआधी आम्हा दोघांना तीन पावलं मागे केलं. क्षणभर करंट दिला. दातेरी चाक टकदिशी बाहेर आलं, काढला तसं आत गेलं. असं पाच वेळा. मग सेल्फ इंजिनावर चढवला, वायरी लावल्या आणि सगळ्यात शेवटी मायनस. चाकांच्या पुढे-मागे ओंडके, हँडब्रेक, न्यूट्रल परत हलवून. डिझेल तोडणारी दांडी ओढून ठेवली, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. मग तो सीटवर बसला, बनियनमधून चावी काढली आणि सेल्फ मारला. बॅटरीचे व्होल्ट दाखवणारा मीटर माझ्या हातात होता. आधी बारा पॉइंट सहा, फिरताना दहा पॉइंट एक.

"धाच्या खाली गेला का?"

"नाही."

"दाखवा." मीटर त्याने स्वतः वाचला.

ट्रॅक्टर घरी आणला तेव्हा सोलेनॉइडवर एक पत्र्याचं टोपण बसवलेलं होतं. ऑइलच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं. दोन्ही जाड बोल्ट त्याखाली झाकले गेले होते. टोपण पक्कं करणाऱ्या दोन छोट्या बोल्टांची डोकी कानशीने घासून गुळगुळीत गोल केली होती, कुठलाच पाना धरू नये म्हणून. हे काम मी सांगितलं नव्हतं. काम संपल्यावर मी आणि सुरेश चहा घ्यायला समोरच्या टपरीवर गेलो होतो तेवढ्यात त्याने ते केलं होतं.

सुरेशने दोन शिव्या दिल्या. माझ्या डोक्यात वेगळंच आलं. जे झाकलंय ते का झाकलंय? रातोरात बदलीन म्हणाला होता. चहाला लागली असतील वीस मिनिटं. तेवढ्यात नवं काढून जुनं रंगवून बसवता येईल का? मी वेळ मांडून पाहिली. घाई केली तर येईल, असं उत्तर आलं.

रविवारी सुरेश आणि त्याची बायको मंगल लग्नाला मुरबाडला गेले होते. मी पक्कड आणि कानस घेऊन बसलो. ते दोन बोल्ट काढायला मला सव्वा तास लागला. टोपण निघालं. फडक्याने पुसून नंबर वहीशी ताडून पाहिला. सगळे आकडे जुळले. सोलेनॉइड तेच होतं.

बोल्ट मात्र माझ्या पकडीने पार सोलून निघाले होते, ते परत बसण्यासारखे नव्हते. नवे आणून टोपण लावू, असं ठरवून मी ते भाताच्या कणगीमागे ठेवलं. सुरेशला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी मेस्त्रीवर संशय घेतला, हे त्याला कळलं असतं आणि तो जन्मभर मला हसला असता. सोमवारी कामावर गेलो. मंगळवारीही गेलो. अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी सकाळी मंगलचा फोन आला. "दादा, ट्रॅक्टर यांच्या पायावरून गेला."

शेजारच्या कान्हूने नंतर सांगितलं ते असं. चिखलणीची घाई होती. चावीची वायर उंदराने कुरतडलेली, त्यामुळे चावी फिरवून काहीच होईना. सुरेशला सोलेनॉइडचे बोल्ट उघडे दिसले. त्याने नेहमीप्रमाणे मोठ्या चाकापुढे उभं राहून स्क्रूड्रायव्हर टेकवला. इंजिन पहिल्या हिसक्याला पेटलं आणि ट्रॅक्टरने झेप घेतली, कारण तो गिअरमध्ये होता. चाक मांडीच्या खाली पायावर चढून गेलं. पुढे बांधाला धडकून ट्रॅक्टर बंद पडला. सुरेशच्या पायात कल्याणला सळई घालावी लागली. तो वाचला, पण चालणं पहिल्यासारखं राहिलं नाही.

मेस्त्री दोन दिवसांनी आला. सुरेश दवाखान्यात होता. मेस्त्री अंगणात उभ्या ट्रॅक्टरपाशी गेला, उघड्या बोल्टांकडे बघितलं, टोपणाच्या दोन रिकाम्या भोकांत बोट घालून बघितलं. मग माझ्या हातांकडे बघत विचारलं, "टोपन कोनी काढलं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "वाटेत कुठेतरी पडलं असेल."

"पडलं," तो म्हणाला. तेवढंच. पाणीही न पिता गेला.

मग गावात बोलणं सुरू झालं. नवीन सामान घातलं आणि ट्रॅक्टर उडाला, मेस्त्रीने काहीतरी वाकडं केलं. कान्हू सगळ्यात पुढे. "त्यो मानूस पहिल्यापासनं चोरासारखा बघतो. आता कळलं कशाला." आमच्या बाजूचे ट्रॅक्टर त्याच्याकडे जायचे थांबले. मी गप्प राहिलो. कुणी विचारलं तर म्हणायचो, "यंत्राचं काय सांगता येतं."

तीन महिन्यांनी सुरेश काठी घेऊन ओटीवर येऊ लागला, तेव्हा कान्हू चार माणसं घेऊन आमच्याकडे आला. मेस्त्रीविरुद्ध पोलिसांत अर्ज द्यायचा, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. "दादा, तुमी लिवा. तुमचं लिवनं मोत्यासारखं. शेडला टाळं लागलं पायजे त्याच्या." मंगलने कागद आणून दिला. "लिवा दादा," ती म्हणाली. "यांचा पाय गेला, त्याला काय झालं?"

मी तारीख लिहिली, नाव लिहिलं. 'मेस्त्रीने बसवलेल्या सदोष' इथपर्यंत आलो आणि पेन थांबलं. गप्प राहणं मला तीन महिने जमलं होतं. सही करून खोटं लिहिणं जमेना. आयुष्यभर मी चुकीचा नंबर लिहिलेला नाही.

"त्याचं सामान सदोष नव्हतं," मी म्हणालो. "मी नंबर तपासला. तपासायला टोपण मीच काढलं. परत लावलं नाही."

पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही. मी परत सांगितलं, दिवसांसकट. कान्हू म्हणाला, "आयला, मंजे घरातलाच?" आणि दुसरीकडे बघायला लागला. मंगलने माझ्यासमोरचा कागद ओढून घेतला. सुरेशने काठी हातात घेतली.

"दादा, पाना मी लावला, गिअर मी बघितला नाय. ती माझी चूक. पन तू हे तीन महिने घेऊन बसलास?" असं म्हणून काठी टेकत आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रीकडे जायला हवं होतं. गेलो नाही. मला धीर व्हायला दोन आठवडे लागले. गेलो तेव्हा तो शेड आवरत होता. मुरबाडला मुलीकडे राहायला जाणार होता. मी सगळं सांगितलं. टोपण, पक्कड, अकरा दिवस, गावासमोर बोललो तेही.

तो एक पाना पुसून पोत्यात टाकत होता. "म्हाईत हाय मला," म्हणाला. "तुमचे हात बघितले ना मी तवाच. अंगठ्याला पकडीनं उठलेल्या फोडाचा डाग होता."

"मग तेव्हाच का नाही बोललात? धंदा बसला तुमचा."

"कोनी ऐकलं असतं? तुमी स्टोरवाले, मी चोरासारखा बघनारा." तो पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून बोलत होता. "आन् तुमी गावात बोललात, ते कळलं. पन मी तेवढ्यावर इस्वास नाय ठेवला. तिघांना विचारून घेतलं. कान्हूलासुदा. तिघांचं जुळलं."

मला हसावं की काय करावं, कळेना. "मग आता विश्वास बसला ना?"

"बसला," मेस्त्री म्हणाला. पोत्याचं तोंड बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. "भावाला नाय विचारलं. त्यो बोलतो का तुमच्याशी?"

खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. तो चौथ्या माणसाला विचारणारच होता.

"कामापुरतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि पोत्याचं एक टोक मला धरायला सांगितलं.