मामा आणि कार्टून सिनेमे

लहान मुलांसाठी काढलेल्या कार्टून सिनेमांइतकी भयंकर गोष्ट जगात दुसरी नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा. तंजावरच्या सरकारी कचेरीत उभा जन्म काढून निवृत्त झाल्यावर तो नातीबरोबर, मीनूबरोबर, हे सिनेमे बघू लागला. मीनू मुरुक्कू खात हसायची आणि मामा शेजारी वेष्टीच्या टोकाने घाम पुसायचा. एकदा हत्तीच्या पिल्लाची आई पहिल्या दहा मिनिटांतच पुरात वाहून गेली, तर याने उठून मुलीला, म्हणजे उमाला, तिच्या बँकेत फोन लावला आणि "काही नाही, आहेस ना?" एवढंच विचारून ठेवून दिला. पडद्यावरची आई अंगाई म्हणू लागली की ती आता जाणार, हा त्याचा सिद्धान्त. त्यामुळे गाण्याच्या या गावात बिचाऱ्या उमाला पोरीला निजवताना गुणगुणायचीही चोरी झाली. आम्ही हसायचो. पण प्रत्येक सिनेमाचं तात्पर्य तो मीनूकडून घोकून घेई. "हरवलेलं पोर आईला शोधायला निघतं, म्हणून सिनेमा दोन तास चालतो," तो तिला सांगायचा. "तू हरवलीस तर आहेस तिथंच बस. कळलं गे?"

गेल्या पोंगलच्या सुट्टीत आम्ही चौघं तिरुवैयारुला गेलो. कावेरीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. उमा नारळ घ्यायला वळली आणि सहा वर्षांच्या मीनूचा हात सुटला. उमा देवळाकडे धावली, मी बस स्टँडकडे. हिरव्या परकरातली मुलगी पाहिलीत का, असं मी भेटेल त्याला विचारत होते, आणि मला तर सगळ्याच मुली हिरव्या परकरात दिसत होत्या. अर्ध्या तासाने आम्ही दोघी हताश होऊन परतलो, तर नारळाच्या दुकानामागच्या पायरीवर मीनू मांडीवर हात ठेवून बसलेली. डोळे रडून सुजलेले. "मी हलले नाही," ती म्हणाली.

आता मामा दिसेना. शेवटी घाटाच्या टोकाला सापडला. पाण्याच्या भीतीने जन्मात कधी नावेत न बसलेला माझा मामा कंबरभर पाण्यात उभा राहून काठीने तळ चाचपत होता. मी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे त्याने मान वळवली.

"सापडली, मामा."

त्याला पायऱ्या चढवेनात. आम्ही दोघींनी धरून वर आणला.

परतीच्या बसमध्ये मीनू त्याच्या ओल्या मांडीवर झोपली. मी हळूच विचारलं, "पोहता येत नाही, तर पाण्यात कशाला उतरलास?"

त्याने मीनूचं डोकं मांडीवर नीट घेतलं.

"दुसरीकडे कुठंही असती तर तुम्हा दोघींना मिळाली असती," तो म्हणाला, आणि तंजावर येईपर्यंत खिडकीबाहेरच्या भातशेतांकडे बघत राहिला.