चिंबोरी दिसता कामा नये

उत्तनच्या कॅजिटनचा फ्लॉयड आर्किटेक्ट व्हायला गेला, तेव्हा गल्लीला वाटलं, आता इथे बंगले उठणार. पठ्ठ्या चौथ्या वर्षाला पोचला आणि काढलं काय, तर खेकडा, उत्तनच्या बोलीत चिंबोरी. काढायचा होता पॅव्हिलियन, म्हणजे किनाऱ्यावर बसायला, जाळी शिवायला एक उघडी सावली. पण कॉलेजची अट होती, निसर्गातून प्रेरणा घ्या. उत्तनच्या पोराला निसर्ग म्हटल्यावर ताटातलाच आठवणार ना.

त्याच्या मॉडेलला घुमट होता, वाकडे पाय होते आणि दाराशी दोन नांग्याही. गाइड हंसा मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे, ही चिंबोरीच आहे. यात तुझं काय? पुढच्या ज्यूरीत परीक्षकांपैकी कुणी बघताक्षणी प्राण्याचं नाव घेतलं, तर सेमिस्टर पुन्हा करायचं."

फ्लॉयडने धसका घेतला. नांग्या कापल्या, पाय कमी केले, घुमट चपटा केला आणि मॉडेल घेऊन दारोदार फिरू लागला. "हे काय दिसतं?"

शेजारच्या एल्साने मान वर न करता सांगितलं, "लंगडी चिंबोरी."

रिक्षावाला महिपत मूळचा रत्नागिरीचा. त्याने मॉडेल उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "कुर्ली." फ्लॉयड हरखला, थँक्यूसुद्धा म्हणाला. रिक्षा वळणापलीकडे गेल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला, की रत्नागिरीकडे चिंबोरीलाच कुर्ली म्हणतात.

पुढच्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. जो तो म्हणायला लागला, "मांडव." मासे विकणारी टिना म्हणाली मांडव, मिठागराकडून येणारा आत्माराम म्हणाला मांडव. फ्लॉयड शीळ घालत एल्साकडे गेला. मॉडेल अजून पिशवीतच होतं, तोवर ती म्हणाली, "मांडव. झाक हाय."

पोरगा तडक घरी. "आई, तू सगळ्यांना पढवलंस?"

सेलेस्टिन खोबरं वाटत होती. "मग? पोराला नापास होऊ देऊ?"

"ज्यूरीलाही सांगणार आहेस का?"

"नंबर दे."

फ्लॉयडने दोन दिवस मॉडेलकडे पाहिलंच नाही. खोट्या मांडवापेक्षा खरी चिंबोरी बरी, असं त्याला वाटायला लागलं होतं. सेमिस्टर गेल्यातच जमा होतं.

रविवारी चर्चमधल्या मासनंतर सेलेस्टिन बाजार करून आली आणि पिशवी रिकामी करता करता मासेवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागली. "मेलीने गंडवलं. ही बघ, कात टाकल्याली हाय. दाबली तर लोण्यावानी लागते."

"टाक कालवणात," कॅजिटन म्हणाला. "पोटाला काय कळतंय?"

फ्लॉयडने ती मऊ चिंबोरी तळव्यावर घेतली. "आई, ही शिजवू नको."

"मग काय करू, बाप्तिस्मा?"

पण त्याचं लक्ष कुठे होतं? दर पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या शेडचे पत्रे वाऱ्याने उडायचे आणि बाप ते शोधत शेतं तुडवायचा. वारा येऊन कवच ओरबाडणार, त्याआधी आपणच उतरवून ठेवलं तर? चिंबोरीला जे जमतं, ते मांडवाला का जमू नये? त्याने बांबूचा साधा सांगाडा केला आणि त्यावर दोरीने ओवलेलं कापड. पावसाच्या तोंडावर दोरी ओढली की कापड खाली, वारा सांगाड्यातून आरपार. पाऊस सरला की पुन्हा ओवायचं. पाय नाहीत, नांग्या नाहीत.

"काय हाय ते?" सेलेस्टिनने विचारलं.

"तूच सांग."

तिने पदराने चष्मा पुसून पुसून पाहिलं. "पोरा, यात चिंबोरी कुठं हाय?"

फ्लॉयडने आईचा मुका घेतला. तिला कारण कळलं नाही.

ज्यूरीत हंसा मॅडम मॉडेलभोवती हळूहळू फिरल्या. कुठल्याच प्राण्याचं नाव त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी त्यांनीच विचारलं, "प्रेरणा कशाची?" फ्लॉयडने दोरी ओढली. कापड अलगद खाली आलं, सांगाडा तसाच उभा राहिला, आणि मग त्याने कात टाकणाऱ्या चिंबोरीचं नाव सांगितलं. मॅडमनी दोरी स्वतःच्या हाताने दोनदा ओढून पाहिली आणि मार्कांच्या कागदाकडे वळल्या.

पास झाल्याचं कळल्यावर कॅजिटनने गल्लीत केक वाटला. सेलेस्टिन तेवढी फुरंगटून बसली होती.

"पास झाला म्हणून गावभर सांगितलं, पोराने चिंबोरी बांधली. आता लोकं बघायला आली तर दाखवू काय, दोरी? पुढच्या टायमाला पापलेट कर. ते कुणीबी ओळखतंय."