तळवड्याची सरळ चकती

"शनिवारी सकाळी चकती सरळ करून आणते," असं आमच्या प्रमुखांना तोंडावर सांगून मी बुधवारी दुपारची बस पकडली. त्यांचं म्हणणं, परदेशातून नवी मागवू. ती यायला दोन महिने लागणार, आणि लेझरवरची आमची पाळी शनिवारची. ती गेली की वर्षभर हात चोळत बसायचं. माझ्याकडून ते होत नाही.

ही चकती म्हणजे आमच्या प्रयोगाचा पाट. लेझरचा झोत क्षणाच्या अतिसूक्ष्म तुकड्यापुरता पेटतो आणि धातूच्या पातळ पत्र्यावर आदळतो. पत्र्यातले इलेक्ट्रॉन मागच्या बाजूने उधळतात आणि त्यांच्या ओढीने प्रोटॉनही सुसाट सुटतात. दर झोताला पत्रा फाटतो, म्हणून चकतीवर चाळीस खिडक्या. फिरताना ती दहा मायक्रॉन जरी पुढेमागे झाली तरी नेम चुकतो. आमची साठ डुलत होती.

गुरुवारी सकाळी निगडीहून तळवड्याच्या लेथवाल्यांकडे जायला रिक्षा केली. चालक परभणीचे.

"ताई, आज गुरुवार. एमआयडीसी बंद असती. तिकडं कुत्रं बी भेटणार न्हाई."

इथला रविवार गुरुवारी येतो, हे मला कोण सांगणार? तळवड्यात शटरांमागून शटरं बंद. कुत्री मात्र सात भेटली.

एका शटरखाली हातभर फट दिसली. वाकून हाक मारली. तेलाचा डबा घेऊन बबनदादा बाहेर आले. जुन्या गावातले, बापजाद्यांच्या शेतातच आता त्यांची लेथ उभी आहे.

"आज मशीनला तेलपाणी. काम न्हाई."

"काम कोण मागतंय? नुसती चूक दाखवा."

चूक दाखवायला कोण नाही म्हणतं! त्यांनी चकती डायलखाली (डुलणं दाखवणारं सुईचं मापयंत्र) फिरवली. सुई थयथय नाचली.

"घाई केली कुनीतरी. अ‍ॅल्युमिनियम आवळून कापलं, की सोडल्यावर अंग मुरडतंय. आज थोडं कापायचं, ढिलं करून ठिवायचं, उद्या अलगद शेवटचा हात मारायचा."

"मग आजचं आज कापा की."

"गुरुवार हाय, ताई."

तेवढ्यात प्रमुखांचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"परत या. गल्लीतल्या लेथवर हे होत नसतं. पाळी दुसऱ्या गटाला देतोय."

बबनदादांनी माझ्या हातातला फोन घेतला. "सायेब, पाळी कुनाला देऊ नका." आणि मोटर चालू केली.

दुपारी त्यांच्या घरी मासवडी (बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली वडी) आणि रस्सा. नावात मासा, ताटात एकही नाही. रश्शाने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी दोनदा वाढून घेतला.

शुक्रवारी शेवटचा हात मारून चकती पुन्हा डायलखाली गेली. सुई चार मायक्रॉनच्या पलीकडे हलली नाही. बबनदादांनी चकती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिली.

शनिवारी चाळीस झोत झाले आणि पत्र्यामागे लावलेल्या फिल्मवर चाळीस निळे डाग पडले. प्रत्येक डाग प्रोटॉनांचा. प्रमुख विसाव्या झोतापर्यंत हाताची घडी घालून उभे होते. नंतर स्वतःच मोजू लागले.

अहवालात चकती कुणी घडवली हे लिहायला एक ओळ असते. प्रमुख म्हणाले, 'स्थानिक कार्यशाळा' पुरे. मी लिहिलं: बबनदादा, तळवडे. त्यांनी खोडलं. मी पुन्हा लिहिलं. चारदा झालंय आतापर्यंत. माझ्या पेनात शाई भरपूर आहे.