वगळल्याचं कारण

सत्तरच्या दशकात नागपूरच्या आमच्या कचेरीत संगणक नवा होता. पगार आणि पेन्शनचा प्रोग्रॅम तपासायला एक बाई येत. प्रत्येक चाचणीपुढे त्या सूचनेचं एक पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडलेलं कार्ड, लावत: ‘आधी चालवा’, ‘शेवटी चालवा’, ‘वगळा’. यंत्र ते वाचून तसंच वागे. कार्डांच्या कडा त्या अंगठ्यानं सारख्या करत राहत.

विधवांच्या पेन्शनची चाचणी सारखी फसत होती; रक्कम कमी येई.

"ती वगळा. उद्या पगार काढायचेत," साहेब म्हणाले.

"वगळता येते जी. पण काहून वगळली, हे लिहा लागते," बाई म्हणाल्या.

त्यांनी ‘वगळा’चं कार्ड लावलं आणि अहवाल छापून आला. पहिलीच ओळ होती, ‘पेन्शन चाचणी वगळली. कारण: साहेबांचा हुकूम.’

साहेबांनी ती दोनदा वाचली आणि ते कार्ड स्वतःच काढलं.

चूक शोधून दुरुस्त करण्यात पगार उशिरा झाले, विधवांना पेन्शन मात्र पूर्ण मिळाली. हुकूम मोडायची बाईंना गरजच पडली नव्हती.