एक पुसट रेघ

दिवाळे गावची कोळीण जनाबाई मासळीची टोपली उतरवून दारात टेकली आणि म्हणाली, "तुमची मास्तरीनबाय गेली. आता तिच्याच दारावरशी आले, मानसं जमली हायत." त्याला महिना होऊन गेला. नलिनी आजारी होती, जाणार हेही ठाऊक होतं, तरी मी जनाबाईला दोनदा विचारलं, कोण म्हणून...

आम्ही दोघी वाशीच्या कॉलेजात शिकवायचो, ती फिजिक्स आणि मी केमिस्ट्री. बेलापूरला राहायचोही शेजारशेजारच्या बिल्डिंगींत. पण शिकवणं हा तिच्या लेखी मधला मुक्काम होता. त्याआधी ती दक्षिणेत, डोंगरावरच्या रेडिओ दुर्बिणीवर संशोधन करत होती. काही दीर्घिकांच्या, म्हणजे आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहांच्या, दोन्ही बाजूंना रेडिओलहरी सोडणारे प्रचंड ढग असतात, इतके की या टोकापासून त्या टोकाला जायला प्रकाशालाही लाखो वर्षं लागावीत. एवढी ऊर्जा त्यांना पुरवतं कोण, हा तिचा प्रश्न. शेजारची दीर्घिका जवळून गेली की तिच्यातला वायू ओढला जातो, मोठीच्या केंद्रात जाऊन पडतो आणि तिथली भट्टी पेटते, असं तिला वाटे. परदेशातून आलेल्या, तेव्हाच्या रीतीने काचेवर घेतलेल्या एका फोटोत तिला ती अभ्यासत असलेल्या दीर्घिकेपासून शेजारणीपर्यंत गेलेली पुसट रेघ दिसली होती... ओढल्या गेलेल्या ताऱ्यांची. मार्गदर्शक म्हणाले, फोटोच्या काचेवरचा डागही असेल, दुसरा फोटो मिळेपर्यंत थांबा. तो मिळायच्या आत तिच्या वडिलांना, अप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. ही एकुलती एक. घरी आली ती कायमची. पुढे कित्येक वर्षं ती त्या दुसऱ्या फोटोसाठी परदेशी वेधशाळांना लिहीत राहिली. वाशीच्या बसमध्ये मिठागरं मागे पडत आणि ती त्या रेघेबद्दल बोलत असे.

दुर्बिणीवरचा तिचा जुना सहकारी परदेशातून सुट्टीवर आला तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. पोटाचा कॅन्सर. त्याने त्याच दीर्घिकेचा नव्या कॅमेऱ्याने घेतलेला फोटो आणला होता, पण पिशवीतून काढायला त्याला फार वेळ लागला. नलिनीने तो खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला. "डागच होता," ती म्हणाली, आणि त्याला चहा घेऊन जायचा आग्रह केला.

तो गेल्यावर मी समजूत घालू लागले. इतर दीर्घिकांमध्ये अशा रेघा सापडताहेत असं तोच सांगून गेला होता, म्हणजे तिचं म्हणणं चुकलं नव्हतं.

"म्हणणं कुणाचंही असू शकतं गं," ती म्हणाली. "रेघ माझी होती."

नंतर ती आकाशाबद्दल बोललीच नाही. अप्पांना औषध दिलं का, एवढंच विचारायची. हे लिहिताना तिच्या बाजूने काहीतरी शिल्लक राहिलं असं म्हणता यावं म्हणून मी खूप शोधलं... काही हाती लागलं नाही.

परवा नलिनीच्या घरी गेले. तिच्या आई स्वयंपाकघरात जमिनीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. समोर एक लाकडी खोका, वर दुधी काच, आत पेटलेला बल्ब. फोटोच्या काचा पाहण्यासाठी नलिनीने सुताराकडून करून घेतलेला. तो पाहुणा येऊन गेल्यावर तिनेच आईला देऊन टाकला होता.

"यावर खडा पटकन दिसतो," आई म्हणाल्या. मग हात थांबवून त्यांनी विचारलं, "ती काय गं बघत बसायची यावर?"

मी समोर बसून काचेवर वाकले. त्यांनी तांदळातला एक काळा ठिपका नखाने बाजूला सारला.